रिव्ह्यू 360: शेऱ्यांना एक जागा मिळते, निर्णय मात्र आपणच लावून घ्यायचा

ई-लर्निंगच्या प्रोजेक्टमध्ये क्लायंटचे शेरे ईमेल, एक्सेल शीट, व्हॉट्सअ‍ॅप आणि फोन अशा चार वाटांनी आले की टीमचा वेळ ते जुळवण्यातच जातो. आर्टिक्युलेट 360 या कोर्स बनवण्याच्या सॉफ्टवेअर-संचातलं रिव्ह्यू 360 हे टूल नेमकं हेच दुखणं हलकं करतं. ते वेगळं विकत घ्यावं लागत नाही. स्टोरीलाइन आणि राइज ही कोर्स बनवण्याची टूल्स ज्या सबस्क्रिप्शनमध्ये येतात त्यातच येतं. लायसन्स लागतं ते फक्त कोर्स बनवणाऱ्याला. क्लायंटने लिंक उघडायची, नाव आणि ईमेल टाकायचा आणि शेरा लिहायचा. त्यांच्या आयटी विभागाकडून काही इन्स्टॉल करून घ्यावं लागत नाही, ही फार मोठी सोय आहे.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे शेऱ्याबरोबर आपोआप जोडला जाणारा स्क्रीनशॉट. ‘इथलं वाक्य बदला’ एवढंच कुणी लिहिलं तरी ‘इथलं’ म्हणजे कुठलं ते दिसतं. ॲनिमेशन सुरू असेल तर आधी पॉज करायला सांगा, नाहीतर चित्र भलत्याच क्षणाचं येतं. शेरे स्लाइडनुसार लागतात, म्हणून प्रत्येक स्लाइडला नीट नाव द्या. स्टोरीलाइनने स्वतःहून दिलेलं ‘अनटायटल्ड स्लाइड’ तसंच राहिलं, तर यादीत त्याच नावाच्या ओळी दिसतात आणि विषयतज्ज्ञ गोंधळतो. ‘2.4 चुकीच्या उत्तरावरचा प्रतिसाद’ असं नाव असेल, तर फोनवरही दोघं एकाच स्लाइडबद्दल बोलतात.

सुधारित कोर्स टाकताना रिव्ह्यूमध्ये नवा आयटम (कोर्सची नवी नोंद) करू नका, आधीच्याच आयटमची नवी आवृत्ती म्हणून पब्लिश करा. लिंक तीच राहते. इथे घाई झाली तर दोन लिंक फिरू लागतात, आणि क्लायंटकडचा एखादा वरिष्ठ जुनी लिंक उघडून दुरुस्त झालेल्याच चुका पुन्हा लिहून पाठवतो.

आता मर्यादा. संहिता तपासण्यासाठी हे टूल वापरूच नये. शब्द, व्याख्या, प्रश्नांची उत्तरं हे सगळं स्टोरीबोर्डवर (स्लाइडनुसार लिहिलेल्या आराखड्यात), साध्या डॉक्युमेंटमध्ये मंजूर झालेलं असावं. व्हॉइसओव्हर झाल्यावर एक वाक्य बदललं की ते पुन्हा रेकॉर्ड करावं लागतं, टाइमलाइनवरचे क्यू पॉइंट (आवाज आणि चित्र जुळवणाऱ्या खुणा) सरकवावे लागतात आणि सबटायटल्सही बदलावी लागतात. पाच मिनिटांची दुरुस्ती सहज अर्ध्या दिवसाची होते. पहिल्या लिंकबरोबरच स्पष्ट लिहा: या फेरीत नेव्हिगेशन, चित्रं, आवाज आणि संवादी भाग बघायचे, मंजूर मजकुरात फक्त तथ्याची चूक असेल तरच बदल.

दुसरी मर्यादा माणसांची आहे. सुरक्षा विभाग म्हणतो चार पायऱ्या, प्रशिक्षण विभाग म्हणतो सहा. टूल दोन्ही शेरे एकाखाली एक दाखवतं; कुणाचं ऐकायचं ते सांगत नाही. म्हणून कामाच्या करारातच क्लायंटकडून एका व्यक्तीचं नाव घ्या. तिने आपल्या माणसांचे मतभेद थ्रेडमध्येच (शेऱ्याखालच्या उत्तरांतच) मिटवायचे आणि ठरलेलं उत्तर लिहायचं. तोवर डिझायनरने फाइलला हात लावू नये. ठरलेली मुदत संपली की त्या आवृत्तीवरचे शेरे बंद करा; तशी सोय सेटिंगमध्ये आहे. शेरा मिटल्याची खूण करणारं ‘रिझॉल्व्ह’ कुणी दाबायचं हेही आधी ठरवा. आमच्या मते बदल करणाऱ्याने फक्त उत्तर लिहावं आणि दुसऱ्या सहकाऱ्याने तपासून मगच शेरा मिटवावा.

टीमच्या आतल्या कामात मदत मर्यादित आहे. राइजच्या एका कोर्सवर अनेकजण काम करू शकतात, पण एक धडा एका वेळी एकाचाच. स्टोरीलाइनची फाइल तर एका वेळी एकानेच उघडायची, तीही स्वतःच्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर ठेवून. नेटवर्क ड्राइव्हवरून थेट काम केलं तर फाइल खराब होण्याचा धोका असतो.

रिव्ह्यूमध्ये कोर्स सुरळीत चालला म्हणजे एलएमएसवर (शिकणाऱ्यांना कोर्स देऊन त्यांची प्रगती नोंदवणाऱ्या सिस्टिमवर) चालेलच असं नाही. पूर्णतेची नोंद, गुण, मधूनच सोडून पुन्हा सुरू करणं यातलं काहीच इथे तपासलं जात नाही. कोर्स आणि एलएमएस यांना जोडणाऱ्या स्कॉर्म 1.2 या मानकात शिकणारा कुठपर्यंत आला ही माहिती साठवायला फक्त 4096 अक्षरांची जागा असते. लांबलचक, शाखा फुटलेल्या कोर्समध्ये ती भरते आणि शिकणारा जुन्याच ठिकाणी जाऊन पडतो. त्यामुळे पहिल्या चालत्या आवृत्तीचंच पॅकेज क्लायंटच्या एलएमएसवर चढवा. अर्ध्यात बंद करा, पुन्हा उघडा, एकदा नापास व्हा, एकदा पास व्हा आणि अहवालात काय दिसतं ते पाहा.

काम सोपवताना सगळे शेरे सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून ठेवा. त्यात चित्रं येत नाहीत, म्हणून वादाच्या मुद्द्यांचे स्क्रीनशॉट वेगळे जपा. मूळ फाइल क्लायंटला द्यायची असेल, तर ती बदलण्यासाठी त्यांना स्वतःचं लायसन्स लागेल, हे कोटेशनमध्येच लिहा.