सह्याद्रीतल्या थंडीत माउंटन बायकिंग: कोणते कपडे पैसे वसूल करतात, कोणते नाही

पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला पारा साधारण 8 ते 12 अंशांवर असतो आणि साडेदहा-अकराला तो 24-25 च्या घरात जातो. माउंटन बायकिंगच्या कपड्यांचा सगळा घोळ या फरकात आहे. ‘विंटर सायकलिंग’ म्हणून दुकानांत लटकलेले बरेचसे कपडे युरोपातल्या हिवाळ्यासाठी शिवलेले असतात. तिथे सकाळी 3 अंश असले तर दुपारी 7 असतात, म्हणजे एकदा अंगावर चढवलेलं काढावं लागत नाही. तेच आतून लोकर असलेलं जाड जॅकेट घालून पुण्याजवळचा बोपदेव घाट चढायला घेतला, तर अर्ध्या चढातच जर्सी ओलीचिंब होते. मग माथ्यावर पाच मिनिटं थांबून उताराला लागलं की दात वाजायला लागतात.

ओला कपडा अंगाला चिकटला की तो उष्णता खेचून घेतो, कारण पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यात वाऱ्याची भर पडते. 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरनं उतरताना उघड्या त्वचेला साधारण साडेसहा अंशांची थंडी लागते. 8 अंशांत वेग 40 झाला तर ती 3 अंशांच्या आसपास जाते. म्हणून आपल्याकडच्या हिवाळ्यात कपडा निवडताना दोनच प्रश्न विचारावेत: चढावर घाम बाहेर जाऊ देतो का, आणि उतारावर वारा अडवतो का? ऊब किती देतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

या कसोटीवर सगळ्यात वर येतं ते पातळ, वारा अडवणारं, बिनबाह्यांचं जॅकेट. दुकानात याला व्हेस्ट किंवा जिले म्हणतात. एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्यावी. छातीच्या बाजूला घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर, पाठीला जाळी, वजन 80 ते 120 ग्रॅम आणि घडी केल्यावर मुठीत मावेल इतकंच. बाह्या नसल्यामुळे काखेतून वाफ निघून जाते आणि पाठीच्या जाळीमुळे पाण्याच्या बॅगेखालचा घाम थोडा तरी सुटतो. छातीला वारा लागला नाही की बोटंही कमी बधिर होतात. धड गार पडलं की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं, त्यामुळे हातमोजे बदलूनही बोटं गारच राहत असतील तर आधी छाती झाकून बघावी.

व्हेस्ट घेताना कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तर ते वारा अडवणारं नाही, लेबलवर काहीही छापलेलं असो. मग चेन पूर्ण लावून, हँडल धरल्यासारखे कोपर बाहेर काढून वाका. मागचा भाग कमरेच्या वर सरकता कामा नये, कॉलर गळ्याला रुतता कामा नये आणि छातीवर कापडाचा फुगा होता कामा नये. ढगळ व्हेस्ट वाऱ्यात फडफडतं आणि प्रत्येक फडफडीला आतली गरम हवा बाहेर फेकतं. दुहेरी चेन असेल, म्हणजे खालूनही उघडत असेल, तर चढावर पोट मोकळं ठेवून छाती झाकता येते. त्यासाठी शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील. पाठीवरच्या खिशांचा माउंटन बाइकवर उपयोग नाही, बॅगेखाली ते दबतात. खिसा बाजूला किंवा छातीवर हवा.

व्हेस्टऐवजी पावसाळ्यातला रेनकोट किंवा वॉटरप्रूफ जॅकेट वापरणारे खूप आहेत. सरळ रस्त्यावर, मंद गतीला ते चालून जातं. चढावर मात्र श्वास घेणारं महागडं मेम्ब्रेनसुद्धा (पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा) आपल्या घामाला पुरत नाही. आतल्या बाजूला थेंब जमतात आणि जॅकेट काढलं की अंगावरून वाफ निघताना दिसते. कोरड्या हिवाळ्यात वॉटरप्रूफसाठी पैसे मोजू नयेत.

आतला थर, म्हणजे त्वचेला लागून असलेला कपडा. सुती बनियन किंवा टी-शर्ट घालू नये, हे बहुतेकांना माहीत असतं. तरी निम्मे लोक जर्सीखाली सुती बनियन घालतातच. ते घाम पितं आणि धरून ठेवतं. बाजारात मिळणारं जाड थर्मल, घरात घालायचं, तेही नको, कारण त्यात बऱ्याचदा सुताचंच प्रमाण जास्त असतं. पर्याय दोन आहेत. जाळीदार पॉलिएस्टरचं बिनबाह्यांचं किंवा अर्ध्या बाह्यांचं बनियन स्वस्त पडतं, पटकन वाळतं, पण एका राइडमध्ये वास धरतं. चौरस मीटरला 150 ग्रॅम वजनाच्या कापडाची मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक) लोकर ओली झाली तरी अंगाला गार कमी लागते आणि दोन दिवसांच्या राइडलाही वास येत नाही. मेरिनोचे दोन दोष मात्र ठळक आहेत. ती सावकाश वाळते आणि बॅगेचे पट्टे खांद्यावर घासून तिला भोकं पडतात. माउंटन बाइकवर बॅग कायम हलत असते, त्यामुळे शंभर टक्के मेरिनोपेक्षा नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेली घ्यावी. 200 ग्रॅमच्या पुढचं कापड आपल्याकडे साडेआठनंतर नकोसं होतं.

जर्सी नेहमीचीच चालते. ढगळ, अर्ध्या बाह्यांची माउंटन बाइकची जर्सी असेल तर आर्म वॉर्मरचा, म्हणजे हातावर चढवायच्या सुट्या बाह्यांचा, प्रश्न येतो. रोड सायकलवर आर्म वॉर्मर उत्तम. माउंटन बाइकच्या रुंद बाहीखाली त्यांना वरून धरायला काही नसतं, हात सतत हलत असतात आणि दर दहा मिनिटांनी ते कोपरापर्यंत घसरतात. घसरण्याचं दुसरं कारण म्हणजे आतली सिलिकॉनची पट्टी अंगावरच्या तेला-क्रीमनं गुळगुळीत होते. साबणाच्या पाण्यानं फक्त ती पट्टी चोळली की पकड परत येते. वरचं टोक बाहीच्या आत चार-पाच सेंटिमीटर जाईल अशी लांबी हवी. हे जमत नसेल तर पूर्ण बाह्यांची पातळ जर्सी घ्यावी आणि ऊन चढलं की बाह्या वर सरकवाव्यात. आम्ही सिंगल ट्रॅकसाठी, म्हणजे एकच सायकल जाईल अशा अरुंद पायवाटेसाठी, पूर्ण बाह्यांच्याच बाजूनं आहोत. करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीतून जाताना कातडी वाचते, हा वेगळा फायदा.

झुडपांचा विषय निघालाच आहे तर कुसळांबद्दल बोलायला हवं, कारण परदेशी परीक्षणांत हे कधीच सापडत नाही. पावसाळ्यात वाढलेलं गवत नोव्हेंबरपासून वाळतं आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी कुसळं कपड्यात घुसायला लागतात. बाहेरून लवदार कापड, लोकरीचे मोजे, विणकाम सैल असलेले लेग वॉर्मर, सगळे त्यांचे बळी. टोक एकदा आत गेलं की प्रत्येक पेडलला पुढे सरकतं आणि घोट्याला टोचत राहतं. म्हणून पायांसाठी कपडा घेताना हाताची पाठ त्याच्या बाहेरच्या बाजूवरून फिरवून बघा. कापड गुळगुळीत, घसरतं असेल तर घ्या. अडकलेली कुसळं कपडा कोरडा असतानाच, टोकाच्या दिशेनं उपटून काढावीत. तसाच कपडा मशीनमध्ये टाकला तर ती आणखी खोल जातात.

पायांना आपल्याकडे फार काही लागत नाही. मांडीचे मोठे स्नायू सतत काम करत असतात, स्वतःची उष्णता स्वतः तयार करतात. पॅडवाली आतली शॉर्ट, वर नेहमीची ढगळ शॉर्ट आणि गुडघ्याला नी-पॅड एवढ्यात 10 अंशांपर्यंत निभतं. नी-पॅड गुडघ्याचा वारा अडवतात, त्यामुळे वेगळे नी-वॉर्मर घेऊ नयेत. त्याखाली पारा गेला तर पोटरीकडे निमुळती होत जाणारी माउंटन बाइकची पँट घ्यावी. साधी ट्रॅक पँट धोक्याची आहे. मोहरी उजव्या बाजूला चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि चेनच्या मध्ये ओढली जाते आणि उतारावर असं झालं तर पडणं ठरलेलं. पँट दुकानात नी-पॅड घालूनच ट्राय करावी, आणि सीटवर बसल्यासारखा गुडघा पूर्ण वर आणून. गुडघ्यावर कापड ताणलं तर दोन तासांनी तिथेच दुखायला लागतं.

हातमोज्यांत सगळ्यात जास्त चुकीची खरेदी होते. जाड तो ऊबदार, असं समजून स्कीइंगसारखे मोजे घेतले जातात आणि मग ब्रेकची दांडी जाणवतच नाही. माउंटन बाइकवर ब्रेक एका बोटानं, हळुवार दाबायचा असतो. बोट नेमकं किती दाबतंय ते कळलं नाही तर पुढचं चाक खड्यांवर घसरतं. 15 अंशांच्या वर नेहमीचे पूर्ण बोटांचे मोजे पुरतात. 7 ते 15 अंशांत तळहाताला एकपदरी पातळ कापड आणि वरच्या बाजूला वारा अडवणारा पडदा असलेले मोजे सर्वांत योग्य, कारण वारा हाताच्या पाठीवर लागतो, तळव्याला नाही. त्याखाली आतून मेरिनोचे पातळ मोजे आणि वरचे एक नंबर मोठे.

मोजे हातात घालून मूठ वळा. बोटांच्या बेचक्यात ताण आला तर मोजे लहान आहेत. दाबलेल्या बोटांत रक्त कमी फिरतं आणि ती उलट लवकर गारठतात. बोटाच्या टोकाला रिकामं कापड लोंबत असेल तर ते दांडीत अडकतं. शक्य असेल तर दुकानात उभ्या असलेल्या एखाद्या सायकलचा ब्रेक एका बोटानं दाबून बघा. हिवाळी मोजे घातल्यावर दांडी लांब वाटली तर तिच्यावरचा स्क्रू फिरवून ती थोडी जवळ आणता येते. बहुतेक हायड्रॉलिक ब्रेकला ही सोय असते. अंगठ्यावर टॉवेलचं कापड असणं ही चैन वाटेल, पण थंडीत नाक वाहतंच, आणि त्या तुकड्याइतकी उपयोगी गोष्ट मोज्यावर दुसरी नाही.

पायांची बोटं गारठतात ती थंडीपेक्षा दवानं. गुडघाभर गवतातून दहा मिनिटं गेलं की जाळीदार शूज पाण्यातून काढल्यासारखे होतात. वॉटरप्रूफ मोजे यावर उपाय म्हणून विकले जातात. दवापुरते ते ठीक, पण ओढा ओलांडताना पाणी वरून आत गेलं की तिथेच साठून राहतं. स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे शूजच्या पुढच्या टोकावर चढणारी निओप्रीनची टोपी, टो-कव्हर. तळ उघडा असल्यानं क्लीट, म्हणजे शूजच्या तळाला असलेली पेडलमध्ये अडकणारी पट्टी, अडत नाही. पूर्ण शू-कव्हर मात्र नको, सायकल उचलून दगडांतून चालायची वेळ आली की दोन राइडमध्ये त्यांचा तळ फाटतो. दोन जोड मोजे एकावर एक घालणं हा नेहमीचा उपाय उलटतो, शूज घट्ट होतात आणि बोटं जास्त बधिर पडतात. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि गवताचा पट्टा संपल्यावर बदलावा.

डोक्याला कानटोपी घालून वर हेल्मेट चढवणं थांबवलं पाहिजे. हेल्मेट वर उचललं जातं, मागची चकती पुरेशी आवळत नाही आणि पडल्यावर ते सरकतं. पातळ, कान झाकणारी हेल्मेटखालची टोपी किंवा बफ (गळ्या-डोक्यावर चढवायचा नळीसारखा ताणणारा कपडा) पुरतो. ती घातल्यावर हेल्मेटच्या पट्ट्यांची लांबी पुन्हा बघा. चष्म्यावर धुकं धरतं ते थांबल्यावर. बफ नाकावर ओढून श्वास सोडला तर हमखास. थांबताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवावा. पहाटेसाठी पारदर्शक काच हवी, गडद काचेत झाडाखालची मुळं दिसत नाहीत.

आणि एक गोष्ट भूगोलाची. रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात उतरते, त्यामुळे शांत, निरभ्र पहाटे माथ्यापेक्षा पायथा जास्त थंड असतो. मुळशी, पवनेच्या काठचा रस्ता वरच्या धारेपेक्षा गार लागतो आणि निफाडचा पारा बातम्यांत येतो. उतार संपून सपाटीला लागताना व्हेस्टची चेन उघडायची घाई करू नये. ती चढ सुरू होण्याच्या आधी, घाम यायच्या आत उघडावी. पहिली दहा मिनिटं जरा थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत.

मनाली-लेहला जाणाऱ्यांनी आणि जर्मनी-कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी वरचा हिशेब जसाच्या तसा धरू नये. शून्याच्या आसपास मधला एक ऊबदार थर लागतो आणि तो पिसांचा नसावा. पिसं घामानं ओली झाली की दबतात आणि ऊब जाते. प्रायमलॉफ्टसारखं कृत्रिम भरण किंवा पोलारटेक अल्फासारखं हवा खेळती ठेवणारं कृत्रिम कापड चालेल. पिसांचं जॅकेट बॅगेत असू द्या, थांबल्यावर घालायला.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषून पसरवण्याचं काम मंदावतं. हातमोजे आणि नी-पॅडचं वेल्क्रो बंद करूनच बादलीत टाका, नाहीतर ते मेरिनो ओरबाडतं. व्हेस्ट इस्त्रीखाली घालू नका. मार्चमध्ये सगळं आवरून ठेवताना मेरिनो आधी धुवून पूर्ण वाळवा, कारण घामाच्या डागांवर कसर आधी येते, मग हवाबंद पिशवीत सुकी कडुनिंबाची पानं टाकून ठेवा. पिशवी पावसाळ्यात उघडू नका. जुलैची दमट हवा आत गेली की ऑक्टोबरला बुरशीचे ठिपके निघतात.