गॅलेक्सी एस२५ एज : दीड मिलिमीटरची किंमत

सॅमसंगने मे २०२५ मध्ये आणलेला गॅलेक्सी एस२५ एज हा फोन ५.८ मिलिमीटर जाडीचा आणि १६३ ग्रॅम वजनाचा आहे, आणि त्याची चर्चा बहुतेक वेळा या दोन आकड्यांपाशीच थांबते. तिसरा आकडा बॅटरीचा आहे, ३९०० एमएएच; एमएएच हे बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप. ठाण्याहून नवी मुंबईत रोज कामाला जाणाऱ्या माणसाने फोन घेताना हा तिसरा आकडा सर्वांत आधी पाहावा, असे माझे हा फोन काही आठवडे वापरल्यानंतरचे मत आहे.

फोन हातात सुंदर बसतो, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ऐरोली, रबाळे, घणसोलीपर्यंत बसायला जागा मिळण्याचा प्रश्नच नसतो. एक हात वरच्या कडीत अडकलेला असतो आणि दुसऱ्या हाताने जेवढे वाचता येईल तेवढे वाचायचे असते. अशा वेळी ६.७ इंचांचा पडदा असूनही हा फोन अंगठा आणि चार बोटांमध्ये सहज पेलतो, मनगट अवघडत नाही आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला तर खिसा ओघळत नाही. टायटॅनियमची चौकट मजबूत वाटते. फोनला आयपी६८ दर्जाचे पाणी-धूळरोधक संरक्षण आहे आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचे मोल वेगळे सांगायला नको. कार्यालयात वाय-फाय आणि फोनवर बेताचे काम असेल, तर दिवस या बॅटरीवर नीट निभावतो.

मात्र गोखले रोडवरच्या एका दुकानात मी हा फोन आणि याच मालिकेतला एस२५ प्लस शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा या हलकेपणासाठी आपण काय देतो ते लख्ख दिसले. दोन्ही फोनांचा पडदा ६.७ इंचांचा आहे, दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८ एलिट हाच प्रोसेसर आहे, दोन्हींत १२ जीबी रॅम आहे, आणि लांबी-रुंदीतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. फरक आहे तो जाडीचा. प्लस ७.३ मिलिमीटर जाड आणि १९० ग्रॅम वजनाचा आहे, आणि त्याची बॅटरी ४९०० एमएएच आहे. म्हणजे दीड मिलिमीटर कमी करताना जाडी सुमारे एक पंचमांश घटली आणि बॅटरीही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटली. सोबत दूरचे टिपणारा टेलिफोटो कॅमेरा गेला आणि चार्जिंगचा वेग ४५ वॉटवरून २५ वॉटवर आला. बॅटरी लहान आणि ती भरण्याचा वेगही कमी, हा जोड मला सर्वांत खटकतो, कारण लहान बॅटरीच्या फोनलाच झटपट चार्जिंगची गरज अधिक असते. मूळ किंमत पाहिली तर एज १,०९,९९९ रुपयांना आला आणि प्लस ९९,९९९ रुपयांना.

जाडी कमी करताना कात्री बॅटरीलाच का लागते, याचे उत्तर फोनच्या रचनेत आहे. पडद्याची काच, त्याखालचे प्रकाश देणारे थर, मुख्य सर्किट बोर्ड, मागची काच यांना एका मर्यादेपलीकडे बारीक करता येत नाही. बॅटरी मात्र हव्या त्या जाडीची बनवून घेता येते, म्हणून तडजोड तिच्या वाट्याला येते. कॅमेऱ्याच्या भिंगांनाही काही खोली लागतेच. त्यामुळे कॅमेऱ्याचा भाग मागे उंचवट्यासारखा वर आलेला आहे आणि ५.८ मिलिमीटरच्या मापात तो उंचवटा धरलेला नाही. शिवाय लोकलच्या गर्दीत लाखाच्या घरातला फोन कव्हरशिवाय वापरणारे थोडेच. कव्हर चढले की वाचवलेल्या जाडीतला बराच भाग परत येतो, बॅटरीची क्षमता मात्र परत येत नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या दिनक्रमात या वजाबाकीचा अर्थ काय होतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. रेल्वेच्या ॲपवर काढलेले तिकीट किंवा पास तपासनीसाला फोनवरच दाखवावा लागतो. वाशीला उतरल्यावर रिक्षाचे पैसे यूपीआयने द्यायचे, चहाचेही त्यानेच. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो, आणि जिथे सिग्नल क्षीण असतो तिथे टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते; म्हणूनच घरी वाय-फायवर घालवलेल्या तासापेक्षा प्रवासातला तास बॅटरीला महाग पडतो. लॅपटॉपला हॉटस्पॉट द्यायचा असेल, उन्हात पडद्याची प्रखरता पूर्ण वाढवून नकाशा पाहायचा असेल, तर खर्च आणखी वाढतो. घोडबंदर रोडच्या कोंडीत संध्याकाळी अडकलेल्या माणसाच्या फोनमध्ये बॅटरी शिल्लक असणे ही चैन नव्हे. घरी वाट पाहणाऱ्यांना कळवण्याचे त्याच्याकडचे साधन तेवढेच असते.

याहून मोठा प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. सॅमसंग या फोनला सात वर्षे सॉफ्टवेअर अपडेट देणार आहे, पण लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक झिजते आणि उष्णतेने ती झीज वेगाने होते. एजची बॅटरी मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आली की तिच्यात ३१२० एमएएच उरतील. त्याच टप्प्यावर प्लसमध्ये ३९२० एमएएच उरतात, म्हणजे नव्या कोऱ्या एजहून किंचित अधिकच. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय या फोनांत आहे, आणि ती वापरावी असे मी प्रत्येकाला सांगतो. प्लसचा मालक ती पहिल्या दिवसापासून निर्धास्तपणे वापरू शकतो. एजच्या मालकाला मात्र रोज प्रवास असेल तर ती परवडणार नाही, आणि त्यामुळे ज्या बॅटरीला जपण्याची जास्त गरज आहे तीच जास्त राबवली जाईल.

केवळ हलका फोन हवा असेल, तर याच मालिकेतला साधा एस२५ आहे. त्याचे वजन १६२ ग्रॅम, बॅटरी ४००० एमएएच, पडदा ६.२ इंचांचा, म्हणजे वीज कमी खाणारा, आणि त्याला टेलिफोटो कॅमेराही आहे. २५६ जीबीच्या आवृत्तीची मूळ किंमत ८०,९९९ रुपये होती. हातावरचा भार वजनाने ठरतो, जाडीने नव्हे, आणि मनगट दुखते म्हणून फोन बदलू पाहणाऱ्या माझ्या परिचयातल्या ज्येष्ठांना मी हाच सुचवतो.

इतर कंपन्यांची वाटही पाहण्यासारखी आहे. ॲपलचा आयफोन एअर ५.६ मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्याची बॅटरी ३१४९ एमएएच आहे. त्याच्या पाठीला चिकटणारी वेगळी बॅटरी ॲपलने सोबतच विकायला काढली, ती लावली की पातळपणा संपतो. याउलट मोटोरोलाने २०२५ च्या अखेरीस युरोपात आणलेल्या एज ७० मध्ये ५.९९ मिलिमीटर जाडीत ४८०० एमएएच बसवले आहेत. हे साधले सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन कितीतरी अधिक लिथियम सामावून घेते, पण चार्ज होताना ते खूप फुगते. ते फुगणे कार्बनच्या सांगाड्यात आवरून धरण्याची युक्ती आता बाजारात आली आहे. एवढा मोठा फरक समोर असताना लाखाहून अधिक किमतीच्या फोनमध्ये ३९०० एमएएच देणे मला ग्राहकाच्या बाजूने न्याय्य वाटत नाही.

ज्यांच्या टेबलावर दिवसभर चार्जर असतो, ज्यांचा प्रवास थोडा आहे आणि ज्यांना मोठा पडदा हलक्या फोनात हवाच आहे, त्यांनी एज जरूर घ्यावा; त्यांना तो मनापासून आवडेल. सकाळी ठाणे स्थानकात शिरून रात्री परतणाऱ्याने मात्र प्लस घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून ४५ वॉटचा चांगला चार्जर आणावा, कारण तो फोनच्या खोक्यात मिळत नाही.