परदेशी पार्सलचे सीएन २२ आणि सीएन २३ फॉर्म: काही महिन्यांच्या वापरानंतर

सीएन २२ आणि सीएन २३ म्हणजे टपालाने परदेशी माल पाठवताना कस्टमसाठी भरायची घोषणापत्रं. कित्येक महिने जवळजवळ दर आठवड्याला हे दोन फॉर्म भरल्यावर मत पक्कं झालंय: पार्सल कस्टममध्ये अडकतं ते बहुतेक वेळा एका रकान्यामुळे, आणि तो रकाना किमतीचा नसून वस्तूच्या वर्णनाचा असतो. किमतीवर लोक तासभर डोकं खाजवतात आणि वर्णनात ‘गिफ्ट’ लिहून मोकळे होतात.

आधी फॉर्म कोणता ते. २ किलोपर्यंतचं छोटं पाकीट आणि आतल्या मालाची किंमत ३०० एसडीआरपर्यंत असेल तर सीएन २२. तो पाकिटाच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा. किंमत त्याहून जास्त असेल किंवा पार्सल सेवेने पाठवत असाल तर सीएन २३, पारदर्शक चिकट पाऊचमध्ये. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्याची किंमत पाच चलनांवरून ठरते आणि रोज बदलते, म्हणून मर्यादेच्या काठावरचा माल असेल तर सरळ सीएन २३ भरावा. रकाने जास्त आहेत, पण आयात करणाऱ्याचा कर क्रमांक, फोन, इनव्हॉइस आणि परवान्याचा क्रमांक लिहायला जागा त्यातच नीट मिळते.

आता कागदापेक्षा पडद्यावर भरलेली माहिती महत्त्वाची. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार २०२१ पासून माल असलेल्या पाकिटांची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुढे पाठवावी लागते. युरोपीय संघात तर १५ मार्च २०२१ पासून हवाई टपालाची माहिती विमानात माल चढण्याआधीच तपासली जाते. यातूनच सगळ्यात सामान्य घोटाळा होतो: प्रिंट काढल्यावर चूक दिसते आणि ती पेनाने दुरुस्त केली जाते. चिठ्ठी सुधारते, सिस्टीममधली नोंद जुनीच राहते, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून पाकीट बाजूला पडतं. चूक दिसली की नोंद रद्द करून नवी करा.

वर्णन. ‘कपडे’, ‘सॅम्पल’, ‘सुटे भाग’, ‘वैयक्तिक वस्तू’ हे शब्द निरुपयोगी आहेत, कारण त्यांवरून शुल्काचा दर ठरवता येत नाही. ‘पुरुषांचा सुती शर्ट, होजियरीचा नव्हे तर कापड शिवून केलेला, २ नग’ असं लिहिलं तर ठरतो. हा भेद लहानसा वाटेल, पण एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या क्रमांकांत, होजियरीचे कपडे प्रकरण ६१ मध्ये येतात आणि कापड शिवून केलेले ६२ मध्ये. कोडची रचना एकदा कळली की भीती जाते. ६१०९१० घ्या: ६१ म्हणजे होजियरीचे कपडे, ६१०९ म्हणजे टी-शर्ट आणि बनियन, शेवटचे १० म्हणजे सुती. हे पहिले सहा अंक जवळजवळ सगळीकडे सारखेच, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. म्हणून आपल्याकडचा आठ अंकी कोड जसाच्या तसा टाकू नका, सहा पुरतात. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा तिकडे चालणारी हवी. वस्तूचं स्थानिक नाव लिहिलंच तर पुढे ती कशाची आणि कशासाठी आहे हेही लिहा.

वजनाची गंमत वेगळीच. प्रत्येक ओळीत निव्वळ वजन, खाली एकूण वजन. निव्वळ वजनांची बेरीज एकूण वजनाहून कमीच यायला हवी, कारण खोक्याचंही वजन असतं. अंदाजाने भरलं की बेरीज वर जाते आणि सिस्टीम नोंद परत फेकते. माल आधी मोजा, मग बांधा.

किंमत शून्य चालत नाही, भेटवस्तूलाही नाही आणि नमुन्यालाही नाही. चलन लिहायला विसरू नका. ‘भेट’ या चौकटीवर खूण केली म्हणजे शुल्क माफ, हा समज चुकीचा आहे: सवलत साधारणपणे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या वस्तूला असते आणि तिलाही मर्यादा असते. युरोपीय संघात ४५ युरो, ब्रिटनमध्ये ३९ पौंड. दुकानाने पाठवलेला माल ही विक्रीच. किंमत मुद्दाम कमी दाखवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पाकीट हरवलं तर भरपाईही त्याच किमतीच्या आधारे मागावी लागते.

शुल्काचा हिशेब एका उदाहरणाने. माल १००, टपालखर्च २०, शुल्क १० टक्के, कर २० टक्के. युरोपीय पद्धतीत शुल्क १२० वर लागतं, म्हणजे १२. मग कर १३२ वर, म्हणजे २६.४०. एकूण ३८.४०, आणि टपाल खात्याची हाताळणी फी वेगळी. अमेरिका शुल्कासाठी आंतरराष्ट्रीय वाहतूकखर्च धरत नाही. टपाल खात्याची हाताळणी फी स्वस्त मालाला फार बोचते, आणि घेणारा दारातच पार्सल नाकारतो ते बहुधा तिच्यामुळेच. त्याला आधी सांगून ठेवा, किंवा शुल्क आगाऊ भरायची सोय असेल तर ती घ्या. युरोपात १५० युरोपर्यंतच्या विक्रीसाठी आयओएसएस क्रमांक (विक्रीच्या वेळीच कर घेऊन भरणाऱ्या विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक) असेल तर तो इलेक्ट्रॉनिक नोंदीतच गेला पाहिजे. नुसता खोक्यावर लिहिला तर घेणाऱ्याकडून कर दुसऱ्यांदा वसूल होतो.

या सगळ्या व्यवस्थेचा खरा दोष म्हणजे मर्यादा अचानक बदलतात. युरोपने २२ युरोंपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ ला संपवली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची शुल्कातली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली, तेव्हा अनेक टपाल खात्यांनी तिकडची पार्सलं काही काळ घेणंच बंद केलं. जुन्या पाठवणीच्या आठवणीवर विसंबू नका.

काही वस्तूंना फॉर्म कितीही नीट भरला तरी उपयोग नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या टपालात चालत नाहीत. उपकरणात बसवलेल्या, तेही चार सेल किंवा दोन बॅटऱ्यांपर्यंत आणि टपाल खातं स्वीकारत असेल तरच. अत्तर आणि नेलपॉलिश ज्वलनशील, म्हणून तीही अडतात. लाकडी पेटी असेल आणि फळी ६ मिलिमीटरहून जाड असेल तर लाकडावर कीड मारणारी प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो, प्लायवूडला नाही.

पार्सल पोहोचलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं, ही खूण रिकामी ठेवू नका. परतीचा खर्च कधीकधी मालाहून जास्त होतो. आणि दुरुस्तीसाठी किंवा बदलून घेण्यासाठी माल परत येत असेल तर ‘परत आलेला माल’ ही चौकट भरा, सोबत मूळ पाठवणीची पावती आणि १३ अक्षरांचा ट्रॅकिंग क्रमांक जोडा. नाहीतर स्वतःच्याच वस्तूवर शुल्क भरून ती सोडवून आणावी लागते.