गरोदरपणातील व्यायाम: चालणे, पोहणे, योगासने की हलके वजन?

गरोदर स्त्रीला घरातून मिळणारे सल्ले महिन्यागणिक बदलत जातात. पहिले तीन महिने ‘वाकू नकोस, जिने चढू नकोस’ असे बजावले जाते आणि नववा लागला की त्याच घरात ‘आता उकिडवी बसून फरशी पूस, सुटका सोपी होईल’ असे सांगितले जाते. पहिल्या सल्ल्यामागे गर्भपाताची भीती असते. परंतु सुरुवातीच्या महिन्यांतील बऱ्याचशा गर्भपातांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांमधील दोष हे असते आणि रोजच्या चालण्यावाकण्याशी त्याचा संबंध नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तिच्या जोडीला स्नायू बळकट करणारे व्यायामही करावेत. म्हणजे व्यायाम करावा की नाही हा प्रश्न बहुतेकींपुरता मिटलेला आहे. कोणता करावा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्त्रीगणिक बदलते.

तुलनेला हात घालण्यापूर्वी एक गाळणी लावणे आवश्यक आहे. वार गर्भाशयाच्या मुखावर आहे असे सोनोग्राफीत दिसले असेल, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातलेला असेल, अंगावरून रक्त जात असेल, अकाली कळा सुरू झाल्या असतील, गरोदरपणातला रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असेल अथवा पोटात जुळी असून अकाली प्रसूतीची शक्यता सांगितली असेल, तर पुढील कोणताही पर्याय डॉक्टरांशी बोलल्याखेरीज निवडू नये. रक्तक्षयाकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये तो आढळला आहे. हिमोग्लोबिन 11 पेक्षा थोडे कमी असल्यास चालणे थांबवण्याचे कारण नसते; मात्र ते 7 च्या खाली गेले असेल, तर आधी उपचार आणि मग व्यायाम हाच क्रम योग्य. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांमध्ये प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते, तेथेही ‘माझी वार कुठे आहे, हिमोग्लोबिन किती आहे आणि मी व्यायाम करू शकते का’ हे तीन प्रश्न विचारता येतात. डॉक्टर पुष्कळदा केवळ ‘आराम करा’ एवढेच सांगतात. अशा वेळी आराम म्हणजे नेमके काय आणि किती दिवस, हेही विचारून घ्यावे, कारण विनाकारण अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू कमकुवत होतात आणि पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

श्रम किती असावेत, याचे माप सर्व पर्यायांना एकच आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये हृदयाचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ देऊ नयेत असे सांगितले होते. 1994 मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली, तरी आजही ती सर्रास ऐकायला मिळते. गरोदरपणात विश्रांतीच्या वेळचे ठोकेही वाढलेले असल्याने मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी अधिक भरवशाची ठरते. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागणे पुरेसे आहे. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा.

चालणे आणि पोहणे

हे दोन्ही हृदय आणि फुप्फुसांचे व्यायाम असले, तरी शरीरावर त्यांचा भार फार वेगळ्या रीतीने पडतो. चालण्याला खर्च नाही, शिकणे नाही आणि ते कधीही थांबवता येते. जिने आजवर काहीच केलेले नाही, तिने दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी भर घातली, तरी महिना-दीड महिन्यात ती अर्ध्या तासापर्यंत सहज पोहोचते. चालण्याचा सर्वांत ठळक फायदा गरोदरपणातील मधुमेहात दिसतो. जेवल्यानंतर पायांचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात; त्यामुळे सकाळी सलग पाऊण तास चालण्यापेक्षा तिन्ही वेळच्या खाण्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे साखरेच्या दृष्टीने अधिक उपयोगी पडते. (इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीने मात्र खिशात काहीतरी गोड ठेवूनच बाहेर पडावे.) चालण्याची उणीव सातव्या महिन्यानंतर जाणवू लागते. पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो, संप्रेरकांमुळे ओटीच्या हाडांचे सांधे सैलावतात आणि जांघेत किंवा माकडहाडाजवळ कळ येऊ लागते. त्यात आपल्याकडचे उखडलेले फुटपाथ आणि पावसाळ्यातली शेवाळलेली फरशी हा धोका वेगळाच. पडण्याची भीती वाटत असेल, तर सोसायटीचे आवार, शाळेचे मैदान किंवा घराची लांब गच्ची रस्त्यापेक्षा केव्हाही बरी.

नेमक्या याच टप्प्यावर पोहणे सरस ठरते. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराच्या वजनाचा मोठा भाग पाणीच तोलून धरते, त्यामुळे कंबर आणि गुडघ्यांना विसावा मिळतो; शिवाय पाण्याचा दाब पायांवर सर्व बाजूंनी पडत असल्याने घोट्यांची सूज उतरण्यास मदत होते. पोहता येत नसेल, तरी उथळ बाजूला कठड्याला धरून पाण्यातून चालता येते आणि तोही चांगला व्यायाम होतो. जांघेत दुखत असेल, तर बेडकासारखे पाय फाकवून मारण्याचा प्रकार टाळावा, कारण त्याने दुखणे वाढते. सूर मारणे, समुद्राच्या लाटांमध्ये उतरणे आणि गरम पाण्याच्या कुंडात बसणे हेही वर्ज्य मानावे.

मग सर्वांनी पोहावेच असे का म्हणू नये? कारण आपल्याकडे हा पर्याय मुख्यतः शहरांपुरता आणि त्यातही थोड्यांपुरता आहे. महापालिकेच्या तलावावरची स्त्रियांची वेळ सोयीची नसते, तिथवर स्कूटरने खड्ड्यांतून जावे लागते, कपडे बदलण्याच्या खोलीची फरशी ओली असते आणि पाण्याच्या स्वच्छतेची खात्री देता येत नाही. तलाव जवळ आणि नीट राखलेला असेल, तर शेवटच्या तिमाहीसाठी मी पोहण्याला पहिले स्थान देईन. एरवी केवळ त्यासाठी शहरभर धावपळ करण्यात अर्थ नाही.

योगवर्ग आणि हलके वजन

योगासनांविषयी मराठी घरांमध्ये आधीपासूनच विश्वास आहे आणि ते स्वाभाविकही आहे. लोणावळ्याचे कैवल्यधाम 1924 पासून आणि पुण्यातील अय्यंगार यांची संस्था 1975 पासून या क्षेत्रात आहे. लोड, पट्टे, खुर्ची अशी साधने वापरून प्रत्येकीच्या शरीराला झेपेल असे आसन बसवण्याची अय्यंगार पद्धत तर गरोदर स्त्रीला विशेष मानवते. पाठीचा ताठरपणा, झोप न लागणे, मनाची घालमेल आणि कळांच्या वेळचे श्वसन या चार बाबतींत योगासनांच्या जवळपास दुसरे काही येत नाही. मार्जरासनाने कंबर मोकळी होते, बद्धकोणासनाने मांड्या सैलावतात आणि भिंतीच्या आधाराने केलेले वीरभद्रासन पायांना बळ देते.

तथापि, योगवर्गाची गुणवत्ता शिक्षिकेवर जितकी अवलंबून असते, तितकी इतर कोणत्याही पर्यायात अवलंबून नसते. पहिल्या दिवशी शिक्षिकेने कितवा महिना आहे, वार कुठे आहे, पूर्वीचे बाळंतपण कसे झाले, हे विचारले नाही, तर तो वर्ग सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणे, पोटावर झोपून केलेली आसने, पोट दाबणारे पीळ आणि नव्याने शिकायची उलटी आसने गरोदरपणात नकोत. पहिल्या तिमाहीनंतर बराच वेळ उताणे झोपणेही टाळावे, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि चक्कर येऊ शकते. म्हणून शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करावे. सांधे सैल असल्याने या काळात शरीर नेहमीपेक्षा अधिक वाकते, ही शाबासकीची गोष्ट नसून सावध होण्याची आहे. ताण सुखद वाटेल तिथेच थांबावे. तापवलेल्या बंद खोलीतला योगप्रकार तर पूर्णपणे वगळावा.

हलक्या वजनाच्या व्यायामाकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते या तुलनेतील सर्वांत उपेक्षित पर्याय हाच आहे. ‘जड उचलू नकोस’ हा सल्ला इतका खोल रुजला आहे की एक किलोचे डंबेल पाहूनही सासूबाई दचकतात. प्रत्यक्षात घरातली भरलेली बादली त्याच्या कितीतरी पट जड असते. बाळंतपणानंतर साडेतीन-चार किलोचे बाळ दिवसातून असंख्य वेळा उचलायचे असते आणि त्याची तयारी चालण्याने होत नाही. जिमचीही गरज नाही. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्या पुढच्या कडेवर बसून पावले खांद्यांएवढी फाकवावीत, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, हात छातीवर ठेवावेत आणि श्वास सोडत उठावे, श्वास घेत सावकाश बसावे. दहा वेळा असे केल्यावर मांड्या भरून आल्या, तर व्यायाम लागू पडला असे समजावे. भिंतीला हात टेकून केलेले जोर, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या उचलणे आणि ओट्याला धरून टाचा वर-खाली करणे, एवढे आठवड्यातून दोनदा झाले तरी फरक जाणवतो. नियम एकच आहे: जोर लावताना श्वास कोंडू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम वाढतो आणि ओटीतळावर, म्हणजे मूत्राशय व गर्भाशयाला खालून आधार देणाऱ्या स्नायूंवर, दाब येतो.

ओटीतळाच्या स्नायूंचा व्यायाम कोणत्याही पर्यायासोबत रोज करावा. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखल्यासारखे स्नायू आत ओढून काही सेकंद धरावेत आणि पूर्णपणे सोडावेत. शिंकताना किंवा हसताना थेंब गळण्याचा त्रास त्याने कमी होतो. हा त्रास बायका वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात.

घरकाम व्यायामात धरावे का?

उकिडवे बसून फरशी पुसल्याने प्रसूती नैसर्गिक होते, असा पुरावा नाही. त्या हालचालीने कंबर आणि मांड्यांना चालना मिळते, ती आवडत असेल आणि गुडघे साथ देत असतील तर करायला हरकत नाही. परंतु घरकामाचा बराचसा भाग ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहण्यात जातो आणि त्याने दमणूक होते, पायांना सूज येते, पण दम वाढत नाही. म्हणून ‘दिवसभर कामच करते, वेगळा व्यायाम कशाला’ हा युक्तिवाद शहरी घरात फारसा टिकत नाही. उलट जी स्त्री विहिरीवरून हंडे आणते, भरउन्हात खुरपणी करते किंवा ऊसतोडीला जाऊन मोळ्या वाहते, तिला 150 मिनिटांचा हिशेब सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. तिला हवे आहे ते ओझ्यातून सुटका, सावली, पाणी आणि पुरेसे अन्न.

निवड कशी करावी

साखर वाढलेली असेल, तर जेवणानंतरचे चालणे मुख्य धरून आठवड्यातून दोनदा खुर्चीचे व्यायाम जोडावेत. पाठ आणि झोप हीच तक्रार असेल, तर विश्वासू योगवर्ग निवडावा; मात्र तो संथ असेल, तर त्यातील मिनिटे 150 मध्ये धरू नयेत आणि थोडे भरभर चालणे वेगळे करावे. वजन अधिक असेल किंवा जांघ दुखत असेल, तर पोहणे किंवा एका जागी उभी असलेली सायकल सोयीची पडते. रस्त्यावरची सायकल सातव्या महिन्यात नकोच. पूर्वीपासून पळणारी स्त्री त्रास होत नसेल, तर वेग कमी करत पुढे पळू शकते. पण पळण्याचा श्रीगणेशा गरोदरपणात करू नये. पहिल्या तिमाहीत मळमळीमुळे काहीच सुचत नसेल, तर जमेल तेवढे चालावे आणि बाकीचे चौथ्या महिन्यावर सोपवावे.

कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मेमध्ये घाम वाळतच नाही आणि शरीर तापत राहते, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर किंवा पंख्याखाली घरातच व्यायाम करावा. उपाशीपोटी निघू नये. केळे किंवा मूठभर चणे आधी खावेत. महाबळेश्वरची उंची चालण्यास आड येत नाही, लेह-लडाखची मात्र येते.

कोणताही पर्याय निवडला, तरी अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, छातीत दुखणे, विश्रांतीतही दम लागणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी, एकाच पोटरीत दुखून सूज येणे किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे यांपैकी काहीही झाल्यास तिथेच थांबून रुग्णालयाशी संपर्क साधावा. पोट क्षणभर कडक होणे शेवटच्या महिन्यांत नेहमीचे असते: पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडल्यावर ते थांबले, तर दुसऱ्या दिवशी थोड्या कमी वेगाने चालावे, ठरावीक अंतराने ते येतच राहिले, तर सकाळची वाट न पाहता निघावे.