जुन्या मशीनवर एक्सपी की विंडोज ७?

मशीन जुनं, काम तेच, नवीन घ्यायचं नाही. मग त्यावर एक्सपी टाकायची की ७? पेजमेकरवर लग्नपत्रिका लावणाऱ्या आणि डॉट मॅट्रिक्सवर बिलं काढणाऱ्यांना हा प्रश्न अजूनही पडतो. माझं मत आधीच सांगतो: रॅम २ जीबी असेल तर ७ टाका, तीही ३२ बिटची. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेलं डॉसचं बिलिंग ६४ बिटवर उघडतच नाही.

नुसता वेग पाहिला तर एक्सपी पुढे आहे. २००१ साली ती आली तेव्हा १२८ एमबी रॅम पुरेशी धरली जायची. ७ ला किमान १ जीबी लागते आणि तेवढ्यावर ती चालते कसली, रखडते; हार्डडिस्कचा दिवा विझतच नाही. पण त्याच मशीनला एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) लावा, मग फरक बघा. फाइल पुसली की ती जागा मोकळी झाल्याचं ७ एसएसडीला कळवते, एक्सपी कळवत नाही. शिवाय एक्सपी डिस्कचं पहिलं पार्टिशन (भाग) ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे छोट्या कप्प्यापासून, पाडते. ते एसएसडीच्या आतल्या मांडणीशी जुळत नाही आणि डिस्कचं काम उगाच वाढतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, साटा (डिस्कची जोडणी) एएचसीआय या नव्या पद्धतीवर असेल, तर एक्सपीची साधी सीडी निळा पडदा दाखवून अडते. तिथे आयडीई हा जुना मोड करूनच पुढे जावं लागतं.

स्थिरतेत मला ७ च हवी. एक्सपीत डिस्प्ले ड्रायव्हर अडकला की बहुतेक वेळा अख्खं मशीन बसतं. ७ मध्ये पडदा क्षणभर काळा होतो, ड्रायव्हर पुन्हा उभा राहतो आणि बरेचदा अर्धवट लावलेलं पान वाचतं. संध्याकाळी छपाईला द्यायचं काम हातात असताना याची किंमत कळते.

युनिकोड मराठीसाठीही ७ बरी. एक्सपीत रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर (देवनागरीसारख्या लिप्यांच्या पर्यायावर) टिक करावी लागते आणि मूळ सीडी मागितली जाते. ती नसली की जोडाक्षरं फुटलेलीच राहतात. ७ मध्ये मंगलसोबत कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आयतेच मिळतात.

एक्सपी ठेवायची ती दोनच ठिकाणी: रॅम १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तिथे, नाहीतर पॅरलल पोर्टच्या (जुन्या प्रिंटर खाचेच्या) डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअर उघडायच्या किल्लीचा, किंवा जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर ७ साठी निघालाच नसेल तिथे.

इंटरनेटसाठी मात्र दोन्ही नकोत. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला. क्रोम ब्राउझर एक्सपीवर ४९ व्या आवृत्तीला थांबलं, ७ वर १०९ व्या. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा बाधित संगणकांत बहुतांश ७ चेच होते, दुरुस्तीचा पॅच आलेला असूनही तो न टाकलेले. म्हणून इंटरनेटची केबल काढून ठेवा, फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा, ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू होणं) बंद करा. बँक आणि जीएसटीचं काम फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवरच करा.