न बोलावता येणारी सिस्टर

न्हाणीत पाय सरकला आणि आईचा खुबा मोडला. औशाहून लातूरला हाडांच्या या दवाखान्यात आणलं, डॉक्टरांनी खुब्याच्या सांध्यातला गोळा (बॉल) बदलला, आठ दिवस राहिलो. ऑपरेशन चांगलंच झालं. मला लिहायचंय ते सिस्टरांच्या फेरीबद्दल.

इथं सिस्टर न बोलावता येते. दिवसा तासाला, रात्री दोन तासांनी. "आज्जी, दुखायलंय का? लघवीला जायचंय का? कुशीवर करू का?" मग पाणी, चष्मा, घंटीचं बटन आईच्या हाताला लागतंय का बघते आणि खाटेच्या पायथ्याला लावलेल्या कागदावर वेळ टाकून सही करते.

माझी आई घंटी दाबणाऱ्यातली नाही. "त्या लेकरांना कशाला तरास," म्हणून लघवी दाबून धरणार. दुसऱ्या रात्री तीनला मला जाग आली तर सिस्टर बॅटरीच्या उजेडात आईच्या टाचेखाली बोट घालून बघत होती. टाच लालसर झाली होती. तिनं मावशींना हाक मारली. दोघींनी आईच्या गुडघ्यांमध्ये उशी घालून तिला अलगद कुशीवर केलं, पोटरीखाली चादरीची घडी सरकवली, टाच गादीला टेकू दिली नाही. सकाळपर्यंत लाली गेली.

वडिलांच्या वेळी, दुसऱ्या एका दवाखान्यात, बोलावलं तरच कुणी यायचं. अकरा दिवस ते पाठीवरच पडून होते. पडून पडून झालेली जखम आम्हाला कळली ती वास आल्यावर. दोन तासांनी कूस बदलावी लागते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

भाची नर्सिंगला आहे. ती म्हणाली, अमेरिकेतल्या दवाखान्यांत यावर झालेला एक अभ्यास २००६ साली छापून आला. तासातासाला फेरी ठेवली तर घंट्याही कमी वाजल्या आणि पेशंट पडायचंही कमी झालं. सरकारी असो की खासगी, आपल्याकडं सगळीकडं हे व्हायला पाहिजे.

एक तक्रार आहे. रविवारी दुपारी अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर होती. दोन फेऱ्या चुकल्या आणि चार वाजता तिन्ही सह्या एकदम झाल्या. त्या पोरीला मी दोष देत नाही, एकटी किती खाटांना पुरणार? पण कागद खरा राहिला पाहिजे, आणि रविवारीही दोघी पाहिजेत. डॉक्टरांना हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

सोबतच्या माणसाला झोपायला बाकडं मिळतं. चादर घरून आणा.