एसीएलएस कोर्स: नागपूरचे दोन दिवस

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात सिस्टर. रात्रपाळीत धुऱ्यावरून उचलून आणलेला माणूस समोर आला, की डॉक्टर पोचेपर्यंत आम्हीच असतो. म्हणून पहाटेची एसटी धरून, हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवायचे पुढचे उपचार शिकवणारा हा कोर्स केला.

मेगाकोडमध्ये, म्हणजे पुतळ्याला रुग्ण मानून घेतलेल्या परीक्षेत, मला टीम लीडर केलं, हात थरथरत होते. मॅडमनी पुतळ्याच्या छातीवर माझा तळहात धरून बसवला: मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान 5 सेंमी खोल, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. 2 मिनिटांनी दाबणारा बदलायचा. मॉनिटरवर सरळ रेषा, म्हणजे हृदय पूर्ण थांबलेलं दिसलं, तर शॉक द्यायचा नाही, ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन द्यायचं, हे तिथंच पक्कं झालं.

ईसीजीला मात्र वेळ फार कमी पडला. कोर्स पास झाल्याचं कार्ड 2 वर्षं चालतं; पुढच्या खेपेला आमच्या दोघी सिस्टरांना सोबत नेणार आहे.